लष्करी विमानांची उड्डाणयोग्यता : आठवडाभराच्या कोर्सबद्दल

लष्करी विमानांची उड्डाणयोग्यता आणि सुरक्षा व्यवस्थापन या विषयावरचा आठवडाभराचा कोर्स नुकताच संपवला. जायचं की नाही या विचारात असलेल्यांसाठी हे लिहितोय. मी हँगरमधून देखभाल नियोजनाच्या टेबलावर आलेला माणूस, त्यामुळे डिझाइनवाल्यांना काही गोष्टी वेगळ्या वाटतील.

नियमांचा भाग झटपट उरकतात आणि ते बरंच आहे. 1944 च्या शिकागो कराराचं तिसरं कलम लष्करी विमानांना नागरी नियमांतून वगळतं. म्हणून विमान उडण्यालायक आहे हे ठरवायची यंत्रणा लष्कराला स्वतः उभारावी लागते. युरोपातली ईएमएआर ही लष्करी उड्डाणयोग्यतेची नियमावली नागरी नियमांच्याच धर्तीवर आहे: डिझाइनसाठी भाग 21, देखभाल संस्थांसाठी भाग 145. नागरी क्षेत्रातून आलेल्यांना ओळखीचं वाटेल.

खरा कस लागतो तो निमरॉडच्या दिवशी. 2 सप्टेंबर 2006 रोजी ब्रिटिश हवाई दलाचं एक्सव्ही 230 क्रमांकाचं निमरॉड हे टेहळणी विमान हवेत इंधन भरून घेतल्यानंतर काही मिनिटांतच पेटलं आणि कंदाहारजवळ कोसळलं. विमानातले 14 जण गेले. प्रशिक्षकांनी पडद्यावर, जिथे आग लागली त्या उजव्या बाजूच्या कप्प्याचं चित्र लावलं: इंजिनाची तापलेली हवा नेणारी नळी, तिच्या आवरणातल्या फटी, आणि गळालेलं इंधन तिथवर कसं पोचू शकतं त्याच्या वाटा. विमानात नंतर बदल केले गेले होते: एक जादा कूलिंग पॅकसाठी, दुसरा 1982 च्या फॉकलंड युद्धाच्या घाईत हवेत इंधन भरता यावं म्हणून. प्रत्येक बदलाला त्या त्या वेळचं कारण होतं. सगळे मिळून त्या कप्प्यात काय होऊन बसलंय, हे मात्र वेळेत कोणी पाहिलं नाही.

त्यानंतर वर्गात आली निमरॉडची सेफ्टी केस, म्हणजे विमान सुरक्षित आहे हे पुराव्यानिशी दाखवणारा दस्तऐवज. या अपघाताच्या चौकशीच्या 2009 च्या हॅडन-केव्ह अहवालानुसार तिच्यातले 40 टक्क्यांहून अधिक धोके 'ओपन' आणि 30 टक्क्यांहून अधिक वर्गवारीविना राहिले होते, तरी काम पूर्ण झाल्यासारखं पुढे सरकलं. विमान 30 वर्षं नीट उडतंय म्हणजे ते सुरक्षितच असणार, असं धरून सगळे चालले होते. हे ऐकताना वर्गात कोणी खुर्चीसुद्धा हलवली नाही. या अहवालानंतर 2010 मध्ये ब्रिटनमध्ये मिलिटरी एव्हिएशन अथॉरिटी स्थापन झाली आणि जोखमीची जबाबदारी नावानिशी एकेका अधिकाऱ्यावर आली.

दुपारी गटांना एका काल्पनिक विमानाचा हॅझर्ड लॉग, म्हणजे धोक्यांची नोंदवही, देतात. आमच्या वाट्याला हायड्रॉलिक गळतीची ओळ आली. शेरा होता, 'तपासणीचा कालावधी कमी केला, जोखीम स्वीकारार्ह'. प्रशिक्षकांनी विचारलं, "कोणी स्वीकारली? त्यांना हे माहीत आहे का?" त्या एका शेऱ्यावर आमची दुपार गेली आणि कोर्समधलं सगळ्यात मोलाचं शिक्षण मला तिथेच मिळालं. माझ्या रोजच्या फायलींत असे शेरे ढिगाने असतात.

इजेक्शन सीटचं सत्रही उत्तम. 2011 मध्ये रेड ॲरोज या ब्रिटिश हवाई दलाच्या कसरती पथकाच्या हॉक विमानात जमिनीवरच सीट उडाली आणि पॅराशूट उघडलं नाही, कारण नट-बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळल्यामुळे शॅकल (पॅराशूटच्या जोडणीतली कडी) अडकून बसलं. हातात पाना धरणाऱ्यांनी हे सत्र चुकवू नये.

खटकलं ते एवढंच: जुन्या विमानांच्या धातूचा थकवा आणि तडे यांना जेमतेम तासभर दिला, आणि बो-टाय (धोक्याची कारणं आणि परिणाम दाखवणारी आकृती) काढायच्या सॉफ्टवेअरवर अर्धा दिवस घालवला. जुनी विमानं सांभाळणाऱ्यांना हे नक्की जाणवेल. संयोजकांनी ही वाटणी उलटी करावी, असं मी अभिप्रायात लिहिलंय.

सह्या करण्याचा अधिकार नव्याने मिळालाय किंवा मिळणार आहे, त्यांनी जरूर जावं. जाण्याआधी हॅडन-केव्ह अहवालातली सेफ्टी केसवरची प्रकरणं वाचून घ्या, वर्गात तेवढा वेळ मिळत नाही. आणि आपल्या विमानाच्या हॅझर्ड लॉगमधल्या दोन-चार ओळी मनात घोळवत जा. गोपनीय तपशील वगळून प्रश्न मांडला तर प्रशिक्षक चहाच्या सुट्टीतही बसून चर्चा करतात.