राजीनामा द्यावा की खुर्ची धरून बसावं?

निकाल लागला की दादरच्या नाक्यावर कटिंग हातात येण्याआधीच प्रश्न येतो, "साहेब राजीनामा देणार का?"

2024 च्या लोकसभेत राज्यात भाजप 23 वरून 9 जागांवर घसरला. दुसऱ्याच दिवशी देवेंद्र फडणवीसांनी जबाबदारी स्वीकारून सरकारमधून मोकळं करायची विनंती केली. पक्षाने सोडलं नाही. नोव्हेंबरात विधानसभेला 132 जागा आल्या आणि 5 डिसेंबरला आझाद मैदानावर त्यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. राजीनामा देऊ करणं वेगळं, देणं वेगळं!

राहुल गांधींनी 2019 मध्ये 52 जागा आल्यावर काँग्रेसचं अध्यक्षपद खरोखर सोडलं. मनाला पटणारी गोष्ट. पण जागा भरायची कोणी? सोनिया गांधी हंगामी अध्यक्ष झाल्या आणि खर्गे निवडून यायला ऑक्टोबर 2022 उजाडला. मागची फळी तयार नसेल तर राजीनाम्याने पक्ष नुसता लटकतो.

खुर्ची न सोडणाऱ्यांचं काय? त्याच विधानसभेत उद्धव ठाकऱ्यांच्या पक्षाला 20 जागा, मनसेला भोपळा. दोन्हीकडे प्रमुख तेच राहिले. पक्षच ज्यांच्या नावावर चालतो, त्यांनी राजीनामा द्यायचा कोणाकडे?

माझं मत राजीनाम्याच्या बाजूने, पण वारस ठरल्यावर. कारण हार कोणाच्या तरी माथी बसतेच. आमच्या गल्लीत मतदार यादीची चुरगळलेली पानं घेऊन दिवसभर टेबलावर बसलेल्या पोराचं पद आठवड्याभरात गेलं. साहेबांचा बॅनर अजून तिथेच आहे.