पर्सोना ४ गोल्डन: पाच महिने, ११८ तास आणि एक महागडा कोल्हा

जूनच्या शेवटी हा कॉम्प्युटर गेम स्टीम या ऑनलाइन दुकानाच्या उन्हाळी सेलमध्ये घेतला, परवा रात्री दुसऱ्यांदा संपवला. पण हे लिहायला बसलोय ते परवामुळे नाही. सप्टेंबरात एका रात्री, ७१ तास खेळून झाल्यावर, या खेळाने मला पाच मिनिटांत 'या आता' म्हणून घरी पाठवलं. ते अजून पचलेलं नाही.

खेळ कसला आहे ते बहुतेकांना ठाऊक असेल. २००८ चा प्लेस्टेशन २ वरचा जपानी खेळ. २०१२ साली 'गोल्डन' हे वाढीव रूप फक्त व्हीटावर, म्हणजे सोनीच्या हातात धरून खेळायच्या यंत्रावर आलं. व्हीटा बंद पडला तरी हा त्यातच अडकून होता, २०२० च्या जूनमध्ये पीसीवर सुटला. माझ्या जुन्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, तरी कुरकुर न करता चालला. हा विषय इथेच संपला.

पहिली तक्रार पैशाची. स्टीमवर दोन तासांच्या आत खेळलेला खेळ परत करता येतो. आणि हा खेळ पहिले दोन तास काही म्हणजे काही करू देत नाही. शहरातला एक मुलगा वर्षभरासाठी इनाबा नावाच्या आडगावी मामाकडे राहायला येतो. गाडीतून उतर, जेव, शाळेत जा, बाकावर बस. मी नुसतं बटण दाबतोय. कंटाळून फास्ट फॉरवर्ड सुरू केलं (हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे). घड्याळात १ तास ५० मिनिटं झाली तेव्हा परत करायला बोट शिवशिवत होतं. सीएच्या ऑफिसात काम करतो, वसुली न होणारा खर्च मला लांबून दिसतो.

तेवढ्यात टीव्हीचा प्रसंग आला आणि राहिलो.

गावात धुकं पडतं आणि एका निवेदिकेचं प्रेत घराच्या छपरावर, टीव्हीच्या अँटेनाला उलटं लटकलेलं सापडतं. शाळेत कुजबूज अशी, की पावसाच्या रात्री बारा वाजता बंद टीव्हीसमोर एकट्याने उभं राहिलं की त्यात कोणीतरी दिसतं. आपला पोरगा करून बघतो. दिसतं. तो काचेला बोट लावतो, तर बोट आत. पाण्यात दगड टाकल्यासारखी वलयं. मग हात, मग डोकं. खांदे अडकतात, कारण टीव्ही लहान आहे! दुसऱ्या दिवशी तीन पोरं मॉलच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागात मोठ्या टीव्हीपाशी जातात, गिऱ्हाइकं आली म्हणून घाबरतात आणि तोल जाऊन तिघंही आत पडतात.

भुताखेतांच्या राज्याचं दार इतकं घरगुती मी कुठे पाहिलं नव्हतं. आमच्याकडे मुंजा पिंपळावर आणि हडळ विहिरीपाशी, म्हणजे वाट वाकडी करून त्यांच्याकडे जावं लागतं. इथे ते दिवाणखान्यात आहे आणि इंचांवर अडलंय. आमचा बत्तीस इंची आहे. बायकोला म्हटलं, यातून मी जाईन का गं? ती म्हणाली, "पोटापर्यंत जाशील."

आता कोल्हा.

टीव्हीतल्या जगात माणसं अडकतात आणि त्यांना सोडवायला आपण आत लढायला जातो. जादू वापरली की एसपी, म्हणजे जादूची ताकद, संपते आणि ती भरून काढायचे मार्ग सुरुवातीला जवळजवळ नाहीतच. मग गावच्या देवळातला एक कोल्हा लाल गळपट्टा बांधून येतो आणि म्हणतो, भरून देतो, पैसे काढ. त्याचा सुरुवातीचा दर म्हणजे निव्वळ लूट आहे. रात्र-रात्र घरी बसून पाकिटं चिकटवायची, रुग्णालयात फरशी पुसायची, आणि ते सगळे पैसे कोल्ह्याच्या घशात घालायचे. जुलैत माझं मत पक्कं झालं होतं: दोन तारे, कारण कोल्हा. मी त्याला एक पै दिली नाही. वर्गातली युकिको तिथे एका किल्ल्यात अडकलेली, त्या किल्ल्याचे दोन मजले चढायचे, एसपी संपला की बाहेर, घरी झोप, परत दुसऱ्या दिवशी. फुकट ते पौष्टिक.

पण इथे दिवस फुकट नसतो, हे कळायला मला वेळ लागला. प्रत्येकाला सोडवायची तारीख ठरलेली असते, युकिकोची २९ एप्रिल. गावात सलग काही दिवस पाऊस पडला की मागून धुकं येतं, आणि धुकं आलं की आतला माणूस मेला. म्हणून रोज संध्याकाळी मामाच्या घरच्या टीव्हीवर हवामान बघायचं. आता मी राहतो चिपळुणात. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी आमच्या जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत आलं होतं, तेव्हापासून पावसाचा अंदाज आम्ही बातम्या म्हणून बघत नाही. त्यामुळे खेळात 'पाऊस, पाऊस, पाऊस' असं ओळीने आलं की माझ्या पोटात खरोखर गोळा यायचा. बाहेरही तेच चालू असायचं.

त्यातच एकदा वीज गेली. नवा यूपीएस अर्धा तास चालेल म्हणून विकला होता, तो चार मिनिटांत बसला. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, दोन तासांचं खेळलेलं गेलं. दुकानदाराशी तीन आठवडे वाद झाला. त्याचं म्हणणं, "साहेब, लोड जास्त होता." एक लॅपटॉप आणि एक पंखा! बॅटरी शेवटी माझ्याच पैशाने बदलली. पण हा परीक्षणाचा भाग नाही.

ऑगस्टमध्ये मत बदललं, आणि बदललं तेही कोल्ह्यामुळेच. देवळात लोक लाकडी पाट्यांवर नवस लिहून टांगतात. कोल्हा एकेक पाटी आणून देतो, ती इच्छा आपण पुरी केली की त्याचा दर उतरतो. म्हणजे गावातल्या कोणाचं तरी काम करा, सवलत मिळवा. कोल्ह्याला घासाघीस कळते! मी सगळ्या पाट्या केल्या. त्या नादात गाव हिंडलो आणि बाकीचं दिसायला लागलं. त्या मॉलमुळे बाजारपेठेतली दुकानं बंद पडतायत. दुसरी मेलेली मुलगी दारूच्या दुकानदाराची, पण कामाला मॉलमध्ये, म्हणून तिच्यामागे गाव काय बोलायचं ते. आणि मॉलच्या मॅनेजरचा पोरगा आपला मित्र, त्याला ती आवडायची. खुनाचा तपास आहे असं वाटतं, पण निम्मा वेळ आपण कोणाच्या तरी शेजारी बसून ऐकत असतो.

मामा पोलिसात आहे, याच खुनांवर. रात्री जेवताना समोर बसतो, पेपर उघडतो, विचारतो, कुठे होतास? आपल्याला माहितीय की हत्यार टीव्ही आहे. सांगणार कसं? तो वेड्यात काढेल, आणि नाही काढलं तरी कायद्याच्या कुठल्या कलमात ते बसणार? साधा माणूस भलत्या दुनियेत शिरला की त्याचं पहिलं नुकसान हे होतं, घरातल्या माणसाशी सरळ बोलणं बंद होतं. मामाची छोटी नानाको शाळेतून येऊन एकटीच बसलेली असते, मॉलच्या जाहिरातीचं गाणं म्हणत. तिची आई तिला आणायला निघाली असताना गाडीखाली गेली, ठोकणारा सापडलेला नाही. आमच्या आईला खेळातलं ओ का ठो कळत नाही, पण पडद्यावर नानाको दिसली की ती विचारायची, "काय रे, जेवली का ती?"

आता सप्टेंबरातली ती रात्र. खुनी कोण ते सांगत नाही, पण इथून पुढे थोडं उघड होईल. नको असेल त्यांनी शेवटच्या दोन परिच्छेदांवर जावं.

खेळात डिसेंबर सुरू आहे. नानाकोला त्या जगात ओढून नेलेलं, आपण तिला बाहेर आणलेलं, ती रुग्णालयात. आणि तिचा श्वास थांबतो. शेजारच्या खोलीत ज्याने तिला नेलं तो माणूस पलंगावर आहे. खोलीत टीव्ही आहे, माणूस मावेल एवढा. मित्र म्हणतात, ढकलू या का? बोटांचे ठसे नाहीत, साक्षीदार नाही, पुरावा नाही. बाहेर धुकं आहे, बाकीचं ते जग करेल.

मी विचार केला नाही. ओळीने उत्तरं निवडायची होती आणि प्रत्येक वेळी 'थांबा', 'काहीतरी चुकतंय' असलं एक उत्तर समोर होतं. मला ते पळपुटं वाटलं. टप टप टप दाबत गेलो. आई मागे उभी होती, ती म्हणाली, "टाक मेल्याला." टाकला. धुकं तसंच राहिलं, वर्ष संपलं, मुलगा गाडीत बसला, खेळ आटोपला. ७१ तास.

रागाने एक तारा देणार होतो. आठवडाभर उघडला नाही. मग नोव्हेंबरातला जुना सेव्ह होता तो काढला आणि त्या खोलीत परत गेलो. या वेळी हळू. तेव्हा दिसलं की त्या माणसाच्या बोलण्यात पहिल्यापासून एक भोक होतं. मित्र ओरडत होते म्हणून मला ते ऐकू आलं नव्हतं, आणि मित्रांचं काय घेऊन बसलात, मीच ओरडत होतो. ज्या मार्गाने गावातले खून झाले त्याच मार्गाने मी एक केला होता, आणि वर मला तो न्याय वाटला होता. ७१ तास ज्याच्या मागावर होतो त्याचं काम मी पाच मिनिटांत शिकलो.

तरी एक तक्रार उरतेच. गोल्डनमधला जानेवारी-फेब्रुवारीचा वाढीव भाग मरी नावाच्या मुलीशी मैत्री पूर्ण केली तरच उघडतो. हे खेळ सांगत नाही. मला वाटलं ती फावल्या वेळातली, मी तिला टाळलं, आणि ज्या भागासाठी जास्तीचे पैसे मोजले तो वगळून खेळ थेट मार्चवर गेला. हे मी माफ केलेलं नाही. अर्धा तारा कापला.

म्हणून पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या खेपेला पैसे पुढे येतात, त्यामुळे कोल्ह्याला आता मी न बघता नोटा देतो. मनातून अजून टोचतं. पावसाळी दिवसांत चिनी खानावळीतला मोठ्ठा गोमांस-भाताचा वाडगा पोरगा आता अख्खा संपवतो. मरीला आठवड्यातून एकदा भेटतो. साडेतीन तारे, सेलमध्ये घेतला तर चार. पूर्ण किमतीला घेऊ नका, दर उन्हाळ्यात उतरतो.

आणि या वेळी सुरुवातीला फास्ट फॉरवर्ड दाबलं नाही. स्टेशनवरून घरी जाताना मामा पेट्रोल पंपावर गाडी थांबवतो. नानाको बाथरूमला जाते, मामा बाजूला होतो. पंपावरचा पोऱ्या आपल्याशी गप्पा मारतो, शहरातून आलास का, पार्ट टाइम काम हवंय का, आणि निघताना हात मिळवतो. लगेच आपल्या पोराला गरगरतं. जूनमध्ये मी म्हटलं होतं, गाडी लागली असेल.