ऑप्टिकल डब्बा काही महिने वापरल्यावर: आवाज मागं काहून पडते अन् काय केल्यावर थांबते

पावसाळ्याच्या तोंडावर घेतला होता हा ऑप्टिकलवाला कन्व्हर्टर, म्हणजे कॉम्प्युटरमधून उजेडाच्या वायरनं आलेला डिजिटल आवाज होम थिएटरच्या साध्या वायरीत उतरवणारा डब्बा, आता घरात कापूस येऊन पडला, म्हणजे वापर बऱ्यापैकी झाला म्हणून लिहून राह्यलो. कंपनी विचारू नका, डब्ब्यावर धड नावच नाही, असे काळे डब्बे ऑनलाइन ढिगानं मिळतात. अन् खरं सांगू तर हा रिव्ह्यू डब्ब्याचा कमी अन् कॉम्प्युटरचा आवाज उशिरा येण्याचा जास्त आहे, कारण त्यातच जास्त डोकं गेलं.

घेतला काहून ते आधी. आर्वी तालुक्यातलं खेडं, माझं काम लग्नाचे अन् भजन मंडळाचे व्हिडिओ एडिट करायचं. डेस्कटॉप जुना, होम थिएटर त्याहून जुनं, अन् घरात अर्थिंग नावालाच. हिरव्या जॅकमधून वायर जोडली की स्पीकरमधून सारखी घूं घूं. मदरबोर्डच्या मागं ऑप्टिकलचं चौकोनी भोक रिकामंच पडलं होतं. त्या वायरमधून वीज जात नाही, लाल उजेड जाते, म्हणजे कॉम्प्युटर अन् अँप्लिफायर यांच्यात तांब्याचा संबंधच राहत नाही, घूं घूं बंद. फक्त डब्ब्याला लागणारे 5 व्होल्ट कॉम्प्युटरच्याच यूएसबीतून देऊ नका, तिथून तोच ग्राउंड परत जोडल्या जाते. मोबाइलचा साधा चार्जर लावा. लाइट गेली तर पॉवर बँकवरही चालते, कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर असला की काम थांबत नाही. एवढ्यासाठी पैसे वसूल, याच्यात वाद नाही.

आता दुखणं. मंडळाचं खंजिरी भजन एडिट करून राह्यलो होतो, मोझरीला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला जायच्या आधी त्यांना व्हिडिओ पाहिजे होता. खंजिरीवर थाप पडताना दिसते अन् आवाज मागून येते. जास्त नाही, पण येते. खंजिरीवाले काका बाजूला बसून पाहत होते, म्हणाले, "काहून बे, माही थाप उशिरा पडली का त्या दिवशी?" फाइल बरोबर होती, मोबाइलवर लावली तर थाप जिथल्या तिथं. वर दुसरी गंमत अशी की थोडा वेळ काही वाजवलं नाही अन् मग प्ले केलं तर पहिला अर्धा सेकंद गायबच, "जय गुरुदेव"मधला "जय" गिळून टाकते.

लोक या दोन्ही गोष्टींना 'डिले' म्हणून एकाच पोत्यात भरतात अन् मग वायर बदलत बसतात. हे दोन वेगळे रोग आहेत अन् दोन्हीत वायरचा दोष नाही. इतक्याशा वायरमधून उजेड जायला जो वेळ लागते तो मोजण्यासारखाही नाही. आवाज तिथंच अडकते जिथं कोणीतरी तो साठवून धरते.

पहिला रोग, सगळा आवाज सारखाच मागं. मला मागचे स्पीकरही पाहिजे होते. ऑप्टिकलमधून साधा पीसीएम, म्हणजे न दाबलेला डिजिटल आवाज दोनच चॅनलचा जाते, सहा पाहिजे तर तो डॉल्बी नाही तर डीटीएस या पद्धतीत दाबून पाठवावा लागते. म्हणून साउंडच्या सेटिंगमध्ये 'डॉल्बी डिजिटल लाइव्ह' चालू होतं. ते काम कसं करते पहा: आवाजाचे 1536 नमुने जमल्याशिवाय त्याची एक फ्रेम बनत नाही. 48 किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 48000 नमुने धरले तर, 32 मिलिसेकंद. आपल्या काळीपिवळीसारखं, सीटा भरल्याशिवाय गाडी हलत नाही. मग ती फ्रेम दाबायची, पाठवायची, इकडे डब्ब्यानं पूर्ण घ्यायची, उघडायची, तेव्हा कुठं आवाज. प्रत्येक टप्प्यावर थोडं थोडं साचत जाते. वर ड्रायव्हरच्या एन्हान्समेंट, म्हणजे आवाज सजवायच्या सोयी, चालू असल्या तर त्यांचं वेगळंच.

मोजलं पण मी. टाळी वाजवल्याचा एक क्लिप स्क्रीनवर लावला, मोबाइलनं 60 फ्रेमच्या व्हिडिओत स्क्रीन अन् आवाज दोन्ही पकडले, मग टाइमलाइनवर टाकून हात भिडल्यापासून वेव्हफॉर्मच्या टोकापर्यंत फ्रेम मोजल्या. सात आल्या, म्हणजे सव्वाशे मिलिसेकंदाच्या जरा खालीच. मजा अशी की टीव्ही प्रसारणासाठी आयटीयूचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचा, जो आकडा आहे त्यात आवाज 125 मिलिसेकंद मागं पडेपर्यंत बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही, पुढं गेला तर मात्र 45 लाच येते. म्हणजे सिरीयल बघणाऱ्याला हे कळलंही नसतं. खंजिरीवाल्याला कळते. तालाचं काम करणाऱ्यानं तो आकडा धरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

इलाज सोपा निघाला. प्लेबॅकमध्ये डिजिटल आउटपुट, प्रॉपर्टीज, अ‍ॅडव्हान्स्ड, तिथं डॉल्बी काढून 2 चॅनल 16 बिट 48000 हर्ट्झ केलं अन् एन्हान्समेंट बंद. परत मोजलं तर फरक एखाद्या फ्रेमचा, त्यात मॉनिटरचाही वाटा आला. तेवढं तर स्पीकर पाच-साडेपाच मीटर लांब ठेवूनही होते, आवाजाला एक मीटर जायला 3 मिलिसेकंद लागतातच.

दुसरा रोग, सुरुवात गिळणं. ही झोप आहे. काही वाजत नसलं की साउंडचा ड्रायव्हर सिग्नलच बंद करते, डब्ब्याची पकड सुटते. परत सिग्नल आला की डब्बा आधी ताल ओळखते मग तोंड उघडते, तेवढ्यात "जय" गेला. विंडोजवर 'साउंड कीपर' नावाचं फुकट प्रोग्राम आहे, ऐकू न येणारा सिग्नल पाठवत राहते, डब्ब्याला झोपू देत नाही. पुतण्याच्या लिनक्सवर तर पाच सेकंद शांतता झाली की आउटपुट झोपते, तिथं आवाज सांभाळणारा प्रोग्राम पल्सऑडिओ असला तर त्यात 'सस्पेंड ऑन आयडल' मॉड्यूल बंद करायचं, पाइपवायर असलं तर वायरप्लंबरमध्ये सस्पेंडचा टाइमआउट शून्य.

त्याच्यानंतरही एका प्लेयरमध्ये गाणं बदललं की सुरुवात कापल्या जायची. तो प्लेयर एक्सक्लुझिव्ह मोडमध्ये होता, म्हणजे आउटपुट एकट्यानं ताब्यात घेऊन फाइलच्याच दरानं वाजवत होता. जुने एमपीथ्री 44.1 किलोहर्ट्झचे, कॅमेऱ्याचे व्हिडिओ 48 चे, दर बदलला की डब्बा नव्यानं पकड घेते. एक्सक्लुझिव्हची टिक काढली, झालं.

टीव्हीमधून फिरवून ऑप्टिकल घेत असाल तर टीव्हीचा गेम मोड लावून पहा. ब्लूटूथवर एडिटिंग करूच नका. नुसता पिक्चर पाहायचा असन तर व्हीएलसीत जे अन् के बटणानं आवाज 50-50 मिलिसेकंद मागंपुढं होते, कशाला बाकी उठाठेव.

डब्ब्याच्या तक्रारी म्हणाल तर आवाज कमीजास्त करायचं बटण नाही, अन् निळा दिवा इतका डोळ्यात जाते की त्याच्यावर चिकटपट्टी लावली. वायर जोरात वाकवू नका, उजेड अडते. अन् कापसाच्या दिवसात रुईचे तंतू त्या भोकात जातात, वायर काढली की सोबत आलेलं प्लास्टिकचं बूच लावून ठेवत जा. मागचे स्पीकर सध्या बंदच आहेत, सिनेमा पाहायचा असला तेवढ्यापुरतं डॉल्बी चालू करतो. काका आले की बंद.