प्रेपीवरून ३७७६ सेंच्युरीवर: एक पावसाळा, एक उन्हाळा वापरल्यानंतर

शाईपेनं बनवणाऱ्या प्लॅटिनम या जपानी कंपनीची प्रेपी काहीशे रुपयांत येते आणि त्याच कंपनीचं ३७७६ सेंच्युरी दहा हजारांच्या वर जातं. तरीही दोन्हींत कार्ट्रिज (शाई भरलेली तयार नळी) तेच लागतं, कन्व्हर्टर (दौतीतून शाई ओढून घेणारी नळी) तोच बसतो आणि टोपणाच्या आत स्प्रिंगवर बसवलेलं, शाई सुकू न देणारं छोटं झाकणही दोन्हींत आहे. त्यामुळे पहिलं चांगलं पेन घेताना पैसे नेमके कशाचे जातात, हे तपासायला ही जोडी फार सोयीची. सेंच्युरी पावसाळ्याच्या तोंडाला सुरू केलं आणि उन्हाळा संपेपर्यंत ते रोज चाललं. मराठी आणि कन्नड, दोन्ही लिपींत. बहुतेक काळ दोन्ही पेनांत एकच शाई होती. निष्कर्ष आधीच सांगतो: पैसे निबचे जातात, आणि निबमधला फरक देवनागरीत सर्वांत जास्त जाणवतो.

सेंच्युरी टोपण लावून १३९.५ मिलिमीटर लांब, १५.४ मिलिमीटर जाड आणि २०.५ ग्रॅम वजनाचं आहे. नावातला आकडा फुजी पर्वताच्या ३,७७६ मीटर उंचीचा. मूळ मॉडेल १९७८ चं, सीलबंद टोपणाचं सेंच्युरी २०११ चं. टोपण फिरकीचं आहे, प्रेपीचं खटकन दाबून बसणारं. अर्ज भरताना मिनिटामिनिटाला पेन उघडावं लागत असेल तर फिरकीचा कंटाळा येतो, पण खिशात टोपण आपोआप निघून सदरा निळा होण्याची भीती राहत नाही. वजन बेताचं असल्याने टोपण मागे खोचलं तरी पेन मागे झुकत नाही.

निब १४ कॅरेटची, म्हणजे ५८.५ टक्के सोनं. हे सोनं कागदाला लागत नाही. कागदाला लागतो तो टोकावर जोडलेला कठीण मिश्रधातूचा बारीक मणी, आणि तसा मणी प्रेपीच्या स्टीलच्या निबलाही असतो. सोन्याचे फायदे दोनच. आम्लयुक्त शाईने ते गंजत नाही, आणि निबच्या चिरेच्या दोन बाजूंच्या पात्यांना किंचित दबण्याची सवलत मिळते. सेंच्युरीची साधी फाइन, म्हणजे बारीक रेघेची, निब बऱ्यापैकी ताठ आहे. 'सोन्याची निब म्हणजे मऊ लोण्यासारखी' अशी अपेक्षा ठेवून घेतली तर निराशा होईल. ती कागदावर पेन्सिलीसारखी बारीक कुरकुर देते. ही कुरकुर म्हणजे खरखर नव्हे. कागद किती ओढतोय ते बोटांना कळत राहतं आणि रेघ हातात राहते.

शिरोरेघ ओढताना याचा उपयोग होतो. आपण अक्षरं लिहून मग शब्दावर डावीकडून उजवीकडे एका दमात रेघ मारतो. निब अति गुळगुळीत असेल तर रेघ पुढे घसरते. एक पाती वरखाली असेल तर ती कागदाचे तंतू उचलते आणि रेघ मध्येच तुटते. स्वस्त पेन 'मराठीला खरडतं' अशी तक्रार असते, तिचं मूळ बहुधा इथंच सापडतं. तपासायला कोऱ्या कागदावर हात हलका ठेवून आधी डावीकडून उजवीकडे आणि मग उलट अशा आडव्या रेघा ओढाव्यात. डावीकडून उजवीकडे जाताना खरखर आणि उलट येताना नाही, तर वरून पाहताना डावी पाती खाली गेलेली आहे. सोनार वापरतात तसं दहापट भिंग घेऊन टोक समोरून पाहिलं की दोन पात्यांमधली पायरी स्पष्ट दिसते. खाली गेलेली पाती नखाने अगदी अलगद वर उचलायची, पुन्हा पाहायचं, पुन्हा रेघ ओढायची. स्टीलच्या निबवर हे शिकून घ्यावं. सोन्याची पाती जास्त वाकली तर ती घरी सरळ होत नाही.

कन्नडची गरज वेगळी. शिरोरेघ नाही, वळणं गोल, आणि ओत्तक्षरं, म्हणजे जोडाक्षरातली खालची अक्षरं, ओळीखाली बारीक बसतात. मीडियम निबने साध्या वहीवर लिहिलं तर या वळणांची पोटं भरून येतात. मराठीत तोच त्रास 'ष्ट', 'क्ष', 'द्ध्य' यांना होतो. जपानी फाइन ही युरोपीय फाइनपेक्षा बारीक, जवळजवळ त्यांच्या एक्स्ट्रा फाइनइतकी असते. अर्ज कन्नडमध्ये, पत्र मराठीत आणि दोन्ही एकाच पेनाने, असा आपल्या बेळगावकडचा रोजचा व्यवहार असेल तर डोळे मिटून फाइन घ्यावी. फक्त मराठी लेखन आणि तेही चांगल्या कागदावर असेल तर मीडियम जास्त भरदार दिसते. जास्त दबणारी सॉफ्ट फाइन निब मोहात पाडते, पण भरभर मराठी लिहिणाऱ्याने टाळावी. काना ओढताना हात खाली दाबला जातो, पात्या फाकतात, काना जाड होतो आणि शिरोरेघ बारीक राहते. बोरूची काप तिरकी असल्याने काना आणि शिरोरेघ दोन्ही ठसठशीत उमटायच्या. त्या वळणाची हौस असेल तर त्याच मालिकेतली म्युझिक निब पाहावी: तीन पात्या, दोन चिरा, टोक सपाट. पेन किंचित तिरपं धरलं की शीर्षकं आणि पत्रिकेवरची नावं सुंदर येतात. रोजच्या मजकुराला मात्र ती फार ओली आणि जाड पडते.

बॉलपेनची सवय असलेल्या हातासाठी एक सूचना. बॉलपेन उभं धरून दाबावं लागतं. शाईपेन कागदाशी ४५ ते ५५ अंशांत ठेवून फक्त टेकवायचं. दाबून लिहायची सवय मोडल्याशिवाय सोन्याच्या निबवर पैसे घालू नयेत. प्रेपीवर दोन वह्या लिहून काढाव्यात. मागच्या पानावर अक्षरांचे उठाव येणं थांबलं की हात तयार झाला.

नवं पेन आल्यावर लगेच शाई भरू नये. निब आणि जिभेत (निबखालचा, शाई टोकापर्यंत आणणारा खाचांचा भाग) कारखान्यातलं तेल राहिलेलं असतं, त्याने शाई मध्येच अडकते. वाटीभर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकून कन्व्हर्टरने सात-आठ वेळा आत-बाहेर करावं, मग साध्या पाण्याने फेस जाईपर्यंत धुवावं. पुढचा भाग टीपकागदावर उभा ठेवून रात्रभर निथळू द्यावा. गरम पाणी कधीच वापरू नये. निब आणि जीभ ओढून वेगळी करायचीही गरज नाही. पुन्हा बसवताना ती तिळभर जरी सरकली तरी शाईची धार बदलते.

धुण्याच्या पाण्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी-चिकोडी भागात बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड आहे. त्याने पेन धुतलं की पाणी उडून क्षार जिभेच्या बारीक खाचांत उरतात आणि काही महिन्यांनी धार कमी होते. शेवटचं धुणं आरओच्या किंवा बॅटरीच्या पाण्याने करावं. मोटारीच्या सामानाच्या दुकानात ते सहज मिळतं. बाटलीवर 'डिस्टिल्ड' किंवा 'डीएम वॉटर' लिहिलेलं पाहूनच घ्यावं, कारण शेजारी बॅटरीचं ॲसिडही ठेवलेलं असतं. खानापूरकडे धो-धो पावसात वाटी अंगणात ठेवली तरी काम होतं. पहिल्या सरीचं पाणी तेवढं सोडून द्यावं.

पावसाळ्यात पेनपेक्षा कागद जास्त त्रास देतो. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत शाळकरी वह्यांचा पातळ कागद ओलावा धरतो आणि शाई तंतूंतून फुटते. तेच पेन, तीच शाई, तीच वही उन्हाळ्यात स्वच्छ रेघ देते. त्यामुळे पावसात रेघ जाड झाली म्हणून निबला दोष देऊ नये. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावी आणि लिहिताना हाताखाली एक कोरा कागद घ्यावा, म्हणजे तळहाताचा घाम पानाला लागत नाही. ८५-९० जीएसएमचा (दर चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचा) बाँड पेपर दोन्ही ऋतूंत नीट वागला. ७५ जीएसएमचा झेरॉक्सचा कागद फाइन निबला चालतो, मीडियमला नाही.

शाईच्या दौतीतही याच दिवसांत बुरशी धरते. निब थेट दौतीत बुडवण्याऐवजी लागेल तेवढी शाई छोट्या बाटलीत काढून त्यातून भरावी. उरलेली परत ओतू नये. दौत उघडल्यावर कुबट वास आला किंवा तळाशी शेवाळासारखं काही तरंगताना दिसलं तर ती शाई सरळ फेकून द्यावी.

टोपणाचं सील हा सेंच्युरीचा सर्वांत गाजलेला गुण. कंपनी दोन वर्षांपर्यंत शाई सुकणार नाही असं सांगते, प्रेपीसाठी एका वर्षाचा दावा आहे. दोन्ही पेनं काही आठवडे न उघडता ठेवली तरी पहिल्याच अक्षराला चालू झाली. म्हणजे या एका बाबतीत महाग पेन घेऊन प्रेपीवाल्याच्या हाती नवं काही लागत नाही. साधं टोपण असलेलं दुसरं एखादं पेन वापरणाऱ्याला मात्र हा फरक पहिल्याच आठवड्यात कळेल.

पेन गळतं, या तक्रारीचं उत्तर आपल्या भूगोलात आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच. गोव्याहून चोर्ला घाट चढून येताना हवेचा दाब सुमारे आठ टक्क्यांनी उतरतो, कन्व्हर्टरमधली हवा फुगते आणि शाई जिभेतून टोपणात ढकलते. खाली उतरताना हे होत नाही. चढताना पेन पूर्ण भरलेलं किंवा पूर्ण रिकामं ठेवावं आणि निब वर करून खिशात उभं लावावं. नळीत थेट ड्रॉपरने शाई भरलेल्या पेनात हवेची जागा मोठी असते, म्हणून अर्धं रिकामं असताना ते जास्त गळतं. प्रेपीच्या पेचावर सिलिकॉन ग्रीस आणि रबरी ओ-रिंग बसवून ती अशी ड्रॉपरवर चालवता येते. घाटातून नेऊ मात्र नये.

सेंच्युरीचा खरा कमीपणा शाईच्या साठ्यात आहे. कन्व्हर्टरमध्ये जेमतेम ०.६ मिलिलिटर शाई मावते. ओल्या मीडियम निबने दिवसभर लिहिणाऱ्याला ती अपुरी पडते. कंपनीच्या कार्ट्रिजमध्ये याच्या जवळजवळ दुप्पट बसते. रिकामं कार्ट्रिज धुऊन, औषधाच्या दुकानातली सुई-सिरिंज घेऊन पुन्हा भरावं, हा सर्वांत स्वस्त उपाय. आत स्टीलची गोळी खुळखुळते ती तशीच राहू द्यावी, शाई हलती राहते. तोंड सैल झालं की कार्ट्रिज बदलावं.

शाईत रोजच्यासाठी साधी रॉयल ब्लू उत्तम, धुवायला सोपी. पण पाणी पडलं की ती जाते. चेक, खरेदीखत, कोर्टाचे कागद यांना ती वापरू नये. तिथे प्लॅटिनमची ब्लू-ब्लॅक घ्यावी. ती लोहयुक्त शाई आहे, लिहिताना निळी दिसते आणि हवेने काळवंडत कागदात पक्की होते. ती आम्लयुक्त असल्याने स्टीलच्या निबमध्ये महिनोन् महिने सोडणं योग्य नाही. सोन्याच्या निबला तिची भीती नाही, तरी महिन्यातून एकदा पेन धुवावंच, नाहीतर जिभेत गाळ बसतो. चकाकी मारणाऱ्या गडद शाया आणि चमकीच्या शाया या निबमध्ये घालू नयेत. पावसाळ्यात त्या नीट वाळत नाहीत आणि उन्हाळ्यात जिभेत घट्ट होतात.

खरेदीचं म्हणाल तर बेळगावात गणपत गल्ली, खडेबाजारच्या स्टेशनरीत शाई, वह्या आणि शाळेची पेनं मिळतात. या वर्गाचं पेन बहुधा पुण्या-मुंबईहून किंवा ऑनलाइन मागवावं लागतं. शक्य असेल तर दुकानात निब शाईत बुडवून स्वतःचं नाव आणि एक लांब शिरोरेघ काढून पाहावी. ऑनलाइन मागवताना विक्रेत्याला पाठवण्याआधी निब भिंगाखाली पाहायला सांगावं आणि परत घेण्याची मुदत विचारून ठेवावी. पार्सल आल्या दिवशी आधी कोरडीच, शाई न भरता, भिंगाखाली निब तपासावी. एकदा शाई भरली की बहुतेक ठिकाणी पेन परत घेत नाहीत.

बजेट तीन हजारांच्या आत असेल तर सेंच्युरीसाठी थांबून राहायची गरज नाही. कानपूरच्या कानराइट कंपनीची, एबोनाइटची (कठीण रबराची) जीभ असलेली पेनं त्यात बसतात. एबोनाइट शाई चांगली धरतं आणि देवनागरीला हवी तशी ओली धार देतं. उरलेल्या पैशांत बाँड पेपरचं रीम, दहापट भिंग आणि ब्लू-ब्लॅकची दौत येते.