केस उपटणं थांबवायचंय: समुपदेशन, वर्तनोपचार की गोळी?

माझ्या टाळूवर रुपयाएवढी मोकळी जागा होती. घरचे तिला चाई म्हणत. आत्याने वर्षभर कांद्याचा रस चोळला, शेजारच्या काकूंनी जास्वंदीचं तेल दिलं. चाई नव्हतीच ती. रात्री वाचताना डावा हात आपसूक वर जायचा, बोटं चाचपून एखादा जाडसर, वाकडा केस हुडकायची आणि खसकन ओढायची. मुळाशी आलेला पांढरा दाणा दोन बोटांत फिरवला की क्षणभर गार वाटायचं. प्रकरण संपेपर्यंत उशीवर पुंजका. या विकाराला ट्रायकोटिलोमेनिया म्हणतात आणि हे नाव फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ हालोपो यांनी १८८९ सालीच देऊन ठेवलंय, हे मला तिशीनंतर कळलं.

तुम्हीही उपचाराच्या उंबरठ्यावर असाल, तर साधारण तीन गोष्टी समोर येतात. मी तिन्ही पाहिल्या आहेत, त्यामुळे माझा कौल लपवत नाही.

आधी मी साधं, आधार देणारं समुपदेशन घेतलं. बाई चांगल्या होत्या, ऐकून घ्यायच्या, आणि इतकी वर्षं कुणालाच न सांगितलेलं बोलता आलं हे काही थोडं नव्हे. शरम निम्मी झाली. हात मात्र तसाच वर जात राहिला.

वर्तनोपचाराचं तंत्र वेगळं. त्याचा पाया एझ्रिन आणि नन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडलेलं सवय उलटवण्याचं प्रशिक्षण. पहिले काही दिवस थांबायचं नाही, फक्त नोंद ठेवायची: कुठे, किती वाजता, कुठला हात, ओढण्याआधी मनात काय चाललं होतं. माझ्या वहीत ‘पलंग, दिव्याखाली, डावा’ इतक्या वेळा आलं की लिहिताना हसू यायचं. मग हात निघाला की मूठ मिटून मिनिटभर तशीच धरायची. मला मुठीत चिंचोका ठेवायचा सल्ला मिळाला, बोटांना फिरवायला काहीतरी हवंच असतं. सोबत आजूबाजूची मांडणी बदलायची: चिमटा नजरेआड, बोटांना चिकटपट्टी, वाचन पलंगावर नाही तर खुर्चीत.

पण सगळेच केस नकळत उपटले जात नाहीत. ऑफिसात बोलणी खाऊन आले की मी आरशासमोर उभी राहून मुद्दाम ओढायचे. तिथे चिंचोका तोकडा पडतो. म्हणून अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डग्लस वुड्स आणि सहकाऱ्यांनी या प्रशिक्षणाला स्वीकाराची जोड दिली: तलफ आली तर तिच्याशी झोंबायचं नाही, ती अंगात असताना हातातलं काम चालू ठेवायचं. २००६ मध्ये त्यांनी हे २५ जणांवर तपासलं, पण तुलना नुसत्या प्रतीक्षायादीशी होती. काहीच न मिळालेल्यांपेक्षा बरं वाटणं ही काही मोठी परीक्षा नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी म्हणूनच महत्त्वाची. ८५ प्रौढ, १२ आठवडे, १० सत्रं. एका गटाला हा उपचार, दुसऱ्याला आजाराची माहिती आणि आधार. म्हणजे जवळपास माझ्या पहिल्या बाईंसारखंच. लक्षणं उतरण्यात वर्तनोपचाराचा गट पुढे राहिला.

आता गोळ्या. २००३ च्या डच चाचणीत ४३ जण होते. वर्तनोपचाराने फरक पडला, फ्लुऑक्सेटिन हे उदासीवरचं औषध मात्र प्रतीक्षायादीच्या पुढे गेलं नाही. मलाही हेच औषध सहा महिने होतं. उदासी उतरली, केस उपटणं नाही. कफ पातळ करायला देतात त्या एन-ॲसिटिलसिस्टीनने २००९ मध्ये ५० प्रौढांत बरा निकाल दिला: १२ आठवड्यांत ५६ टक्क्यांना चांगला उतार, खोट्या गोळीवर १६ टक्क्यांना. लहान मुलांवरच्या चाचणीत तो फायदा दिसला नाही. २०२३ मध्ये मेमँटिन या स्मृतिभ्रंशावरच्या औषधाचीही आशादायक चाचणी झाली, केस उपटणाऱ्या किंवा त्वचा खरवडणाऱ्या १०० प्रौढांवर, पण अवघी ८ आठवड्यांची. दुकानातून आणून स्वतःच सुरू करू नका, मनोविकारतज्ज्ञाला विचारा.

माझा कौल: सुरुवात वर्तनोपचाराने. हात नकळत जात असेल तर जुनं प्रशिक्षणही पुरेल. ताणात मुद्दाम ओढत असाल तर स्वीकाराची जोड असलेलंच शोधा. खोल उदासी असेल तर औषध सोबत. मात्र हा कायमचा बंदोबस्त नव्हे. डच गटाने दोन वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हा मिळवलेलं बरंच ओसरलं होतं. माझंही नोकरीतल्या परीक्षेच्या वेळी एकदा घसरलं. वही परत काढली. आणि वही कंटाळवाणी असते, हे कुणी आधी सांगत नाही.

उपटलेले केस गिळत असाल आणि पोट दुखत असेल, तर हे सगळं नंतर, आधी पोटाच्या डॉक्टरांकडे जा. केसांचा गोळा आतड्यात अडकू शकतो.

तज्ज्ञ निवडताना फोनवरच विचारा: ‘सवय उलटवण्याचं प्रशिक्षण तुम्ही स्वतः देता का? घरी करायला काय देता?’ नुसतं ‘या, बोलू’ असं उत्तर आलं तर दुसरा नंबर लावा. कुठून सुरुवात करायची तेच कळत नसेल, तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर आहे, मराठीत बोलता येतं.