एमडीएडीएमवरचा घरचा सर्व्हर: दोन डिस्क पडल्यानंतरचे अकरा महिने

आधी सेटअप सांगतो. जुना डेस्कटॉप, त्यावर डेबियन लिनक्स, ४ टीबीच्या चार डिस्क आणि लिनक्सचा स्वतःचा सॉफ्टवेअर रेड, म्हणजे एमडी: अनेक डिस्क जोडून एक संच (ॲरे) करायचा, म्हणजे एखादी गेली तरी डेटा टिकतो. तो सांभाळायचं अवजार एमडीएडीएम. सुरुवातीला रेड ५ होता. एका डिस्कइतकी जागा पॅरिटीला (गेलेला डेटा परत काढता यावा म्हणून ठेवलेल्या गणिताला) जाते, वापरायला १२ टीबी उरतात. घरातले फोटो, बाबांच्या कीर्तनांची रेकॉर्डिंग्ज, माझं काम, सगळं तिथेच. तीन वर्षं काही कटकट नव्हती, त्यामुळे त्याच्याकडे बघणंच मी सोडून दिलं होतं.

मग एका संध्याकाळी बाबा म्हणाले, "अरे, तुझ्या त्या डब्यातलं कीर्तन मधेच अडकतंय." लॉगिन करून पाहिलं तर एमडीस्टॅटमध्ये, म्हणजे ॲरेची स्थिती दाखवणाऱ्या फाइलमध्ये, चार 'यू'ऐवजी तीन आणि एका जागी खालची रेघ. रेघ म्हणजे डिस्क बाहेर. लॉग उघडले तर ती सात आठवड्यांपूर्वीच गेलेली! एमडीएडीएमने बिचाऱ्याने ईमेलसुद्धा पाठवला होता, पण मशीनवरून मेल बाहेर जायची सोयच मी केली नव्हती. तो मशीनवरच रूटच्या (मुख्य खात्याच्या) पेटीत पडून होता.

नवी डिस्क आणून लावली आणि रिबिल्ड, म्हणजे गेलेल्या डिस्कचा डेटा तिच्यावर पुन्हा भरणं, सुरू झालं. सेकंदाला साधारण १२० एमबी, म्हणजे ४ टीबीला नऊ-साडेनऊ तास. ६१ टक्क्यांवर दुसरी डिस्क बाहेर पडली. रेड ५ एकच डिस्क गेलेली सोसतो, त्यामुळे ॲरे बंद.

अशा वेळी कुणीतरी हमखास सुचवतं की ॲरे नव्याने 'क्रिएट' कर, डेटा दिसेल. करू नका. डिस्कचा क्रम, चंक (डेटाच्या तुकड्याचा आकार) किंवा डेटा कुठून सुरू होतो तो आकडा जरा चुकला की सगळी खिचडी, वर रेड ५ असेल तर एमडीएडीएम लगेच एका डिस्कवर लिहायलाच घेतो. मी मशीन बंद केलं, चहा केला, आणि त्या रात्री काहीच केलं नाही. या सगळ्यात माझं सर्वांत शहाणपणाचं काम तेच असावं. डेटा रिकव्हरीच्या एका दुकानात फोन केला तर डिस्क न बघताच आकडा सांगितला, तो माझ्या अख्ख्या मशीनच्या किमतीपेक्षा जास्त होता.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक डिस्कचा 'एक्झामिन' अहवाल कागदावर उतरवला. त्यात 'इव्हेंट्स' नावाचा आकडा असतो, ॲरेत काही बदललं की तो वाढतो. तीन डिस्कचे आकडे दहा-बाराच्या फरकात होते, सात आठवड्यांपूर्वी गेलेलीचा हजारोंनी मागे. म्हणजे ती शिळी. तिला जबरदस्तीने आत घेतलं असतं तर जुना आणि नवा डेटा एकमेकांत मिसळला असता. उरलेल्या तीनवरच भागवायचं होतं.

दुसऱ्यांदा पडलेल्या डिस्कचा क्लोन (हुबेहूब प्रत) जीएनयू डीडीरेस्क्यूने नव्या डिस्कवर घेतला. हे अवजार मला मनापासून आवडलं. आधी जे सहज वाचता येतं ते उचलतं, अवघड जागा मॅपफाइलमध्ये नोंदवून मागे ठेवतं आणि मग पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. मधे वीज गेली तरी नोंदीवरून पुढे सुरू. दोन रात्रींनंतर न वाचलेलं उरलं फक्त ७२ केबी. मग मूळ डिस्क काढून कपाटात ठेवली, कारण क्लोनचा सुपरब्लॉक (डिस्कवरची ॲरेची ओळखनोंद) अक्षरशः तोच असतो, दोन्ही एकदम जोडल्या तर एमडी कुणाला खरं मानेल सांगता येत नाही. तिन्ही डिस्कवर डिव्हाइस मॅपरचे ओव्हरले चढवले, म्हणजे जे लिहिलं जाईल ते बाजूच्या फाइलमध्ये जाईल, डिस्कला धक्का नाही. मग एमडीएडीएमचा 'असेंबल' (डिस्क जोडून ॲरे उभा कर) आणि सोबत 'फोर्स' (आकडे थोडे जुळत नसले तरी). ॲरे उभा राहिला. फाइलसिस्टीम तपासणारा एफएससीके फक्त वाचायच्या मोडमध्ये चालवून पाहिला, किरकोळ तक्रारी.

त्या ७२ केबीत काय गेलं ते शोधायची युक्ती भारी आहे. डीडीरेस्क्यूच्या फिल मोडने क्लोनवरच्या न वाचलेल्या जागी एक ठरावीक वाक्य भरलं आणि रात्रभर सगळ्या फाइलींत ते वाक्य शोधलं. दोन फाइली सापडल्या. तिसरी त्यात सापडली नाही, कारण गेलेल्या डिस्कचा भाग पॅरिटीवरून काढताना ते वाक्यही गणितात मिसळतं आणि कचरा होऊन बाहेर येतं. ती सापडली फोटोंच्या जुन्या चेकसमच्या (फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या पडताळणी आकड्यांच्या) यादीमुळे. चुलतभावाच्या लग्नाचा व्हिडिओ, गोंधळाच्या ऐन रंगात चार सेकंद करडे चौकोन.

आणि ती दुसरी डिस्क धड मेलेलीही नव्हती. साधी डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टर वाचण्यासाठी दोन-तीन मिनिटं झगडत बसते, कर्नल (लिनक्सचा गाभा) मात्र ३० सेकंदांनी कंटाळून लिंक रीसेट करतो आणि एमडी समजतो, गेली. एनएएससाठीच्या (नेटवर्कवरच्या साठवणुकीच्या डब्यांसाठीच्या) डिस्क साधारण ७ सेकंदांत हार मानतात, मग एमडी पॅरिटीवरून तो भाग काढून तिथे पुन्हा लिहितो. जिथे ही सोय आहे तिथे स्मार्टसीटीएल या कमांडने 'एससीटीईआरसी', म्हणजे डिस्कने हार मानायची मुदत, ७० करायची (एकक सेकंदाचा दहावा भाग), जिथे नाही तिथे कर्नलची मुदत १८० सेकंद. वीज गेली की हे विसरलं जातं, म्हणून बूटच्या स्क्रिप्टमध्ये टाकलंय.

आता वापराबद्दल. डेटा बाहेर काढून त्याच चार खणांत रेड ६ (दोन डिस्क गेल्या तरी सोसतो) बांधला, वापरायला ८ टीबी. छोट्या फाइली लिहिताना जाणवण्याइतका हळू आहे, फोटो-व्हिडिओला फरक पडत नाही. बिटमॅप, म्हणजे कुठल्या भागांत लिहिणं चालू होतं त्याची नोंद, चालू ठेवलाय. जुलैत वीज गेली तेव्हा यूपीएसच्या बॅटरीनेही दगा दिला, तरी रीसिंक (डिस्क पुन्हा एकमेकींशी जुळवणं) दोन मिनिटांत आटपलं. डेबियन महिन्याच्या पहिल्या रविवारी ॲरे आपणहून तपासतो. आवाज होतो म्हणून पूर्वी मीच ते बंद केलं होतं, हा माझा मूर्खपणा. मनात अढी एकच: तपासणीत विसंगती निघाली तर एमडी फक्त आकडा सांगतो, बरोबर कोण ते नाही, कारण त्याच्याकडे चेकसम नसतात. त्यासाठी चेकसम ठेवणारी झेडएफएस ही फाइलसिस्टीम बघा, मेमरी बरी असेल तर.

डिस्क घेताना सीएमआर (नेहमीचे सुटे ट्रॅक) आहे ना तेवढं विचारा, एसएमआरवर (ट्रॅक एकमेकांवर चढवलेले) रिबिल्ड रेंगाळतो. आणि ट्रेवर सीरियल नंबरचे शेवटचे चार आकडे चिकटवा. लिनक्स डिस्कना देतो ती एसडीबी, एसडीसी ही नावं बूटगणिक बदलू शकतात. मी एकदा चांगली डिस्कच उपसायला निघालो होतो.

फोटोंची एक प्रत आता ताईकडे ठाण्याला असते, यूएसबी डिस्कवर, दर दोन महिन्यांनी बदलतो. या रविवारच्या तपासणीत विसंगती शून्य, पण जुन्या दोघींपैकी एकीवर ८ सेक्टर पेंडिंग (वाचता न आलेले) दिसतायत. मेल वेळेवर आला. बदली डिस्क आणून ठेवलीय, शनिवारी बसवतो.