टामियाची १:२४ किटे, त्यांचे रंग आणि साधने: दिवाळीपासून पावसाळ्याअखेरपर्यंतचा अनुभव

मागच्या दिवाळीत पुण्यात घरच्या घरी स्केल मॉडेल मोटारी, म्हणजे खऱ्या गाड्यांच्या ठराविक प्रमाणात लहान केलेल्या प्लास्टिकच्या प्रतिकृती, सुट्या भागांच्या किटमधून जोडायला सुरुवात केली आणि यंदाचा पावसाळा ओसरेपर्यंत आओशिमाची छोटी सुझुकी जिम्नी, टामियाची १९६६ सालची फोक्सवॅगन १३०० बीटल आणि टामियाचीच टोयोटा जीआर ८६ अशी किटे पूर्ण झाली. या काळात जे गोंद, रंग, वॉटर पेपर, कंपाउंड आणि पुढे एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारे पेनासारखे साधन) वापरले, त्यांच्याविषयी नव्याने सुरुवात करणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो. मोटारीच्या मॉडेलमध्ये भाग जोडणे हे तुलनेने सोपे काम आहे आणि कौशल्याची खरी परीक्षा बॉडीच्या रंगात होते. रणगाड्याच्या किंवा विमानाच्या मॉडेलवर चिखल, धूर, उडालेला रंग दाखवता येतो आणि त्याखाली पुष्कळ काही झाकले जाते. मोटार मात्र नव्या गाडीसारखी चकचकीत हवी असते आणि चकचकीत पृष्ठभागावर पॉलिश पेपरचा एक ओरखडासुद्धा उजेडात उठून दिसतो. म्हणून पैसे आणि वेळ कुठे घालायचा हा प्रश्न आला की माझे उत्तर बॉडी हेच असते.

आओशिमाचे जिम्नीचे किट १:३२ प्रमाणातले, म्हणजे खऱ्या गाडीच्या बत्तिसाव्या भागाएवढे आहे. त्याचे भाग रंगीत प्लास्टिकमध्येच येतात आणि एकमेकांत दाबून बसतात, त्यामुळे गोंद किंवा रंग लागत नाही. अशा किटला काही जण खेळणे समजतात. मला ते पटत नाही. स्प्रूवरून (सुटे भाग जिला जोडलेले येतात त्या प्लास्टिकच्या चौकटीवरून) भाग कसा सोडवावा, निपरने (छोट्या कटरने) आधी भागापासून थोडे लांब कापून उरलेला ठोंब दुसऱ्यांदा कसा छाटावा आणि राहिलेली खूण ब्लेडने व पॉलिश पेपरने कशी घालवावी, हे शिकण्यासाठी यापेक्षा निर्धास्त जागा नाही. इलेक्ट्रिशियनच्या कटरने भाग तुटतो खरा, पण प्लास्टिक दाबले जाऊन कडेला पांढरे पडते. त्यामुळे मॉडेलसाठी बनवलेले सपाट धारेचे निपर ही पहिल्याच दिवशी घेण्याची वस्तू आहे, असे अनुभवाने सांगतो.

टामियाच्या किटची कीर्ती ऐकून होतो आणि ती सार्थ आहे. ही कंपनी १९४६ मध्ये जपानमधील शिझुओका येथे लाकूड व्यवसाय म्हणून सुरू झाली आणि १९६० मध्ये तिने आपले पहिले प्लास्टिक मॉडेल, यामातो ही युद्धनौका, बाजारात आणले. आओशिमा, हासेगावा आणि फुजिमी याही त्याच प्रांतातल्या कंपन्या आहेत. जीआर ८६ ही मूळ गाडी ४,२६५ मिलिमीटर लांब आहे, म्हणजे १:२४ प्रमाणात ती सुमारे १७८ मिलिमीटरची होते. एवढ्या आकारात दाराच्या फटी, आरशांच्या कडा आणि दिव्यांच्या आतली नक्षी इतकी स्वच्छ उतरली आहे की आकाराच्या बाबतीत जोडणाऱ्याने दुरुस्त करावे असे फारसे काही उरत नाही. बॉनेट उघडत नाही, इंजिन खालच्या बाजूने दिसते तेवढेच दिले आहे. नवख्यासाठी ही उणीव नव्हे, सोयच आहे, कारण उघडणारे बॉनेट नीट बसवणे हे वेगळेच जिकिरीचे काम असते. टामियाच्या अलीकडच्या किटांमध्ये काचांना रंगवताना लावायचे मास्किंगचे स्टिकर आणि चिन्हांसाठी धातूचे ट्रान्स्फर, म्हणजे चिकटवायची तयार चिन्हे, मिळतात. बॉनेटवरचे चिन्ह हाताने रंगवून कधीच एवढे रेखीव होणार नाही.

गोंदासाठी टामियाचे हिरव्या झाकणाचे एक्स्ट्रा थिन सिमेंट वापरले आणि दुसऱ्याकडे वळावेसे वाटले नाही. हा द्रव प्लास्टिकचा पृष्ठभाग किंचित विरघळवतो आणि दोन भाग एकजीव करतो. दोन्ही भाग आधी कोरडे जुळवून धरायचे आणि ब्रश फटीला नुसता टेकवायचा. द्रव आपोआप फटीत ओढला जातो. काचांसाठी मात्र हे सिमेंट नको आणि सुपरग्लूही नको. सुपरग्लूची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर पांढुरकी साय धरते. साधा पांढरा पाण्याचा गोंद पुरतो, वाळल्यावर पारदर्शक होतो आणि बाहेर आलेला ओल्या कापसाने पुसता येतो.

आता बॉडीकडे वळतो. कितीही चांगले किट असले तरी साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे एक बारीक रेघ उरते. ती बहुधा मडगार्डच्या माथ्यावरून किंवा छताच्या खांबांवरून जाते. कोऱ्या प्लास्टिकवर ती जेमतेम दिसते, पण चमकदार रंग चढला की स्पष्ट होते. ६०० नंबरच्या वॉटर पेपरने ती घालवावी, मग १००० ने तो भाग एकसारखा करावा. याच टप्प्यावर दाराच्या आणि बॉनेटच्या फटी थोड्या खोल कराव्या लागतात, कारण प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर), रंग आणि क्लिअर (वरचा पारदर्शक चमकदार थर) यांचे थर त्या बुजवत जातात. हे काम मी ब्लेडच्या पाठीकडच्या टोकाने हलक्या हाताने करतो. बीटलवर याचा सराव उत्तम होतो, कारण तिची मडगार्डे, बॉनेट आणि पायरी सगळी वेगवेगळ्या वळणांची आहेत आणि कागद सपाट ठोकळ्यावर न धरता बोटाने वळणावर कसा फिरवायचा ते तिथेच कळते. यानंतर बॉडी भांडी घासायच्या साबणाने धुऊन पूर्ण वाळवावी आणि मग ती शक्यतो हातमोजे घालूनच धरावी.

प्रायमर म्हणून टामियाचा फाइन सरफेस प्रायमर वापरला. तो राखाडी, पांढरा, गुलाबी अशा रंगांत मिळतो आणि ही निवड दिखाऊ नाही. लाल व पिवळे रंग अर्धपारदर्शक असतात, त्यामुळे राखाडीवर ते मळकट दिसतात आणि गुलाबीवर कमी थरांत उजळ बसतात. प्रायमरचा दुसरा उपयोग तपासणीचा आहे. ज्या खुणा प्लास्टिकवर दिसत नव्हत्या त्या इथे दिसतात. तिथे लांबी (पुट्टी) भरून, घासून पुन्हा प्रायमर मारायला कंटाळू नये.

रंगाचे सांगायचे तर टामियाच्या टीएस मालिकेचे १०० मिलिलिटरचे स्प्रेचे डबे नवख्याला एअरब्रशशिवाय उत्तम बॉडी देऊ शकतात, हे मी खात्रीने सांगतो. डबा कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवला की आतला दाब वाढतो आणि फवारा बारीक येतो. पाणी हाताला सहज सोसवेल इतकेच कोमट असावे, गरम पाण्यात किंवा आचेजवळ डबा कधीही नेऊ नये. १५ ते २० सेंटिमीटरवरून आधी धुक्यासारखे दोन विरळ हात मारावेत आणि ते चिकटसर झाले की मग ओला हात द्यावा. फवारा गाडीच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवावा. सरावासाठी प्लास्टिकचे चमचे वापरले. त्यांची वळणे बॉडीसारखीच असल्यामुळे रंग कुठे ओघळतो आणि कुठे कोरडा पडतो ते लगेच समजते.

आपल्याकडच्या हवामानाचा विचार मात्र परदेशी माहितीपत्रके करत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत पुण्याच्या कोरड्या हवेत हे लॅकर (तीव्र थिनरचे, झटपट वाळणारे) रंग अप्रतिम बसतात. जुलैमध्ये तोच डबा, तोच हात आणि तेच अंतर असूनही रंगावर दुधी झाक येऊ शकते. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड पडतो आणि हवेतले बाष्प त्यावर जमते, हे त्याचे कारण. मुंबई, कोकण किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी तर पावसाळ्यात बॉडीला हात न लावता चेसिस, सीट, डॅशबोर्ड अशी मॅट रंगाची कामे ब्रशने उरकावीत. मी यंदा तेच केले आणि जीआर ८६ चे अंतरंग त्यामुळेच इतके मन लावून झाले, असे मला वाटते. आर्द्रता मोजणारे छोटे डिजिटल मीटर खोलीत ठेवले आहे आणि आकडा चढलेला दिसला की स्प्रे कपाटातच राहतो.

पॉलिशच्या टप्प्याची मला सर्वात जास्त गोडी लागली. स्प्रेचा रंग वाळल्यावर त्यावर बारीक खडबडीतपणा उरतो, ज्याला ऑरेंज पील म्हणतात. रंग हाताला कोरडा लागला म्हणजे आतून वाळला असे नव्हे. बॉडी नाकाजवळ नेल्यावर थिनरचा वास येत असेल तर ती अजून तयार नाही. मी किमान एक आठवडा ती झाकून ठेवतो. त्यानंतर २००० आणि ३००० नंबरचे वॉटर पेपर पाण्यात भिजवून, अजिबात जोर न लावता फिरवायचे आणि मग टामियाचे लाल, निळ्या आणि पांढऱ्या झाकणाचे कंपाउंड, म्हणजे जाड, बारीक आणि अंतिम, याच क्रमाने मऊ कापडाने घासायचे. गॅरेजमध्ये खऱ्या गाडीचे रबिंग-पॉलिशिंग करतात त्याचेच हे लहान रूप आहे. कडा आणि उंचवटे यांवर रंगाचा थर सर्वात पातळ असतो, त्यामुळे तिथे आधीच मास्किंग टेप लावून ठेवावी. मेटॅलिक रंग थेट घासू नये. त्यातले धातूचे कण कापले जाऊन डाग दिसतात, म्हणून त्यावर टीएस-१३ हे क्लिअर देऊन फक्त क्लिअरच घासावे. हेच क्लिअर डेकलवर (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चिन्हांवर) एकदम ओले मारले तर डेकल सुरकुततात. सुरुवातीचे हात विरळच हवेत.

उन्हाळ्यात ०.३ मिलिमीटर नोझलचा डबल ॲक्शन (हवा आणि रंग दोन्ही एकाच बटणाने नियंत्रित होणारा) एअरब्रश आणि टाकी असलेला कंप्रेसर घेतला. त्याने कौशल्य एकदम वाढले असे म्हणणार नाही, पण नियंत्रण नक्कीच वाढले. टामियाचा एलपी (बाटलीत मिळणारा लॅकर) रंग एक भाग आणि लॅकर थिनर एक ते दीड भाग असे मिश्रण १५ ते २० पीएसआय दाबावर माझ्याकडे चांगले चालते, आणि १० मिलिलिटरच्या बाटलीत १:२४ ची एक बॉडी आरामात होते. प्रत्येक वापरानंतरची सफाई हा मात्र रोजचा भाग समजावा. ज्याला ती जड वाटेल त्याने स्प्रेच्या डब्यांवरच समाधानी राहावे, त्यात कमीपणा नाही. लॅकरसाठी साधा एन ९५ मास्क चालत नाही. तो कण अडवतो, वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफेचे कार्ट्रिज असलेला मास्क आणि बाहेर हवा फेकणारा पंखा यांवर मी जितका ठाम आहे तितका दुसऱ्या कशावरही नाही, विशेषतः घरात लहान मुले असतील तर.

किरकोळ वाटणाऱ्या पण फार मोठा फरक पाडणाऱ्या वस्तूंत टामियाचा पॅनेल लाइन ॲक्सेंट कलर पहिला. दाराच्या फटीत तो टेकवला की आपोआप धावत जातो आणि फट खरी वाटू लागते. पांढऱ्या गाडीला काळा लावू नये, राखाडी लावावा, नाहीतर गाडी व्यंगचित्रासारखी दिसते. हा इनॅमल (लॅकरहून सौम्य थिनरचा रंग) असल्यामुळे पूर्ण वाळलेल्या लॅकरला धक्का न लावता इनॅमल थिनरने पुसता येतो, पण न रंगवलेल्या, ताणाखालच्या प्लास्टिकवर तो साचू देऊ नये, कारण ते तडकते. मागच्या दिव्यांना एक्स-२७ हा पारदर्शक लाल ब्रशने पुरेसा होतो. बीटलचे क्रोम भाग स्प्रूवरून कापल्यावर उघडी पडलेली जागा मोलोटोच्या लिक्विड क्रोम पेनने झाकली. ज्यांना किटचे क्रोम फार भडक वाटते त्यांनी ते सोडियम हायपोक्लोराइटच्या घरगुती ब्लीचमध्ये बुडवून काढावे आणि काळ्या चमकदार थरावर नव्याने रंगवावे.

वेगळे विकत मिळणारे धातूचे बारीक सुटे भाग, सीट बेल्टचे संच, ब्रेक डिस्क यांचा मोह मलाही होतो. त्याऐवजी तेवढ्याच पैशांत आणखी एक साधे किट आणि एक डबा रंग घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. माझी पुढची गाडी म्हणून गडद निळ्या मेटॅलिकमध्ये करायची एक बंद बॉनेटची गाडी आणून ठेवली आहे. तिला हात नोव्हेंबरात, हवा कोरडी झाल्यावरच लावणार आहे.